खेळाडूंचे म्हणणे आणि बहुखेळाडू खेळांची घडण

एकट्याने खेळायच्या संगणकीय खेळात खेळाडू आणि रचनाकार असे दोनच पक्ष असतात. रचनाकाराने मांडलेले अडथळे खेळाडू पार करतो, रंगला तर पुढे जातो, कंटाळला तर खेळ बंद करतो, आणि त्याच्या या निवडीने तिसऱ्या कोणाचे काही बिघडत नाही. ऑनलाइन बहुखेळाडू खेळात, म्हणजे अनेक माणसे आपापल्या घरून इंटरनेटद्वारे ज्या खेळात एकाच वेळी उतरतात त्यात, ही सोय उरत नाही. तिथे प्रत्येक खेळाडू दुसऱ्याच्या खेळाचा भाग झालेला असतो. एकाच्या विजयासाठी दुसऱ्याला हरावे लागते, एकाच्या करमणुकीने दुसऱ्याचा छळ होऊ शकतो, आणि एकाने मध्येच काढता पाय घेतला की उरलेल्या संघाचा डाव मोडतो. म्हणून अशा खेळाविषयी खेळाडू जे मत देतो त्यात त्याच्या आवडीनिवडीबरोबर इतरांवरचा एक हक्कही दडलेला असतो: इतरांनी कसे वागावे, त्यांना काय करता यावे आणि काय करता येऊ नये, याची ती मागणी असते. या खेळांच्या इतिहासातले बहुतेक मोठे वाद या मागणीतून निर्माण झाले आहेत, आणि खेळाडूंचे ऐकावे की न ऐकावे या ढोबळ प्रश्नापेक्षा कोणत्या खेळाडूचे, कशाबाबत आणि कितपत ऐकावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा का ठरतो, हे त्या वादांवरून समजते.

या प्रकारच्या खेळांचा एक मूळ झरा इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात सापडतो. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली लिहायला घेतलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढवलेला ‘मड’ हा खेळ केवळ शब्दांत चालत असे. पडद्यावर जागेचे वर्णन उमटे, खेळाडू आज्ञा टंकित करी आणि त्याच काल्पनिक भूमीत वावरणाऱ्या इतरांशी बोले, त्यांना साथ देई किंवा त्यांना मारी. पुढे अशा सर्वच खेळांना ‘मड’ म्हटले जाऊ लागले. नोव्हेंबर १९८९ ते मे १९९० या काळात ब्रिटनमधील अशाच एका व्यावसायिक खेळातील मुरलेल्या खेळाडूंमध्ये, लोकांना यातून नेमके काय हवे असते, यावर लांबलेली आणि बरीच तापलेली चर्चा झाली. बार्टल यांनी त्या चर्चेतील मते एकत्र करून पाहिली तेव्हा त्यांना चार गट दिसले, आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखामुळे ते या क्षेत्रात सर्वतोमुखी झाले. गुण, पातळी आणि खजिना मिळवण्यात रमणारे कमावणारे. जगाचे कानेकोपरे आणि नियमांच्या फटी धुंडाळणारे शोधक. गप्पा, ओळखी आणि मैत्रीसाठी येणारे मिसळणारे. आणि दुसऱ्यावर कुरघोडी करण्यातच आनंद मानणारे मारेकरी, असे ते चार गट होत.

बार्टल यांच्या लेखाचे खरे महत्त्व मात्र या वर्गवारीपेक्षा त्यातील दुसऱ्या निरीक्षणात आहे. हे चारही गट एकमेकांवर अवलंबून असतात आणि त्यांच्यातील प्रमाण सतत ढळत असते, असे त्यांनी दाखवले. मारेकऱ्यांची संख्या वाढली की मिसळणारे पळून जातात, मिसळणारे गेले की जग ओस पडते, आणि मारण्याजोगे कोणी उरले नाही की मारेकरीही कंटाळतात. याचा अर्थ असा की एका गटाची मागणी पूर्ण मान्य करणे हे त्याच गटाच्याही हिताचे नसते. पुढे निक यी यांनी सुमारे ३,००० खेळाडूंच्या उत्तरांचे सांख्यिकी विश्लेषण करून २००६ साली असे मांडले की माणसे अशा कप्प्यांत बसत नाहीत. मिळकत, सहवास आणि तल्लीनता या प्रेरणा एकाच माणसात कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदतात. ही दुरुस्ती योग्यच आहे, पण गटांमधील ताणाविषयी बार्टल यांनी जे सांगितले त्याला तिने धक्का लागत नाही.

तो ताण किती टोकाला जाऊ शकतो हे सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने आणलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात दिसले. रिचर्ड गॅरियट यांच्या जुन्या ‘अल्टिमा’ मालिकेवर आधारलेल्या आणि राफ कॉस्टर यांच्या प्रमुख रचनेतून उभ्या राहिलेल्या या खेळात हजारो माणसे एकाच मध्ययुगीन वाटणाऱ्या जगात राहू शकत, तिथे शेती, लोहारकाम, शिकार, व्यापार असे काहीही करू शकत. रचनाकारांनी त्या जगाला एक निसर्गचक्रही दिले होते; हरणे गवत खातील, लांडगे हरणे खातील, हरणे कमी झाली तर लांडगे वस्तीकडे वळतील, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात खेळाडू इतक्या वेगाने सरसकट प्राणी मारत सुटले की हे चक्र कोणाच्या नजरेसही पडले नाही, आणि अखेर ते काढून टाकावे लागले. रचनाकाराला अभिमानास्पद वाटणारी गोष्ट खेळाडूला दिसतेच असे नाही, हा धडा या खेळाने फार लवकर दिला.

मोठा वाद मात्र माणसांनी माणसांना मारण्याचा होता. कोणाही खेळाडूला, शहराची वेस ओलांडताच, दुसऱ्या कोणीही मारून त्याच्याकडील सामान लुटावे, अशी मुभा तिथे होती; नवख्या माणसाने कित्येक तास खपून जमवलेली कमाई क्षणात नाहीशी होई. त्यावर रचनाकारांनी गुन्हेगार म्हणून नाव रंगवणे, डोक्यावर बक्षीस लावणे, बदनामीचे गुण मोजणे असे उपाय एकामागून एक करून पाहिले, आणि प्रत्येक उपायात पळवाट शोधण्यात हल्लेखोर खेळाडू रचनाकारांच्या पुढेच राहिले. मते दोन टोकांची होती. एक गट म्हणे की रोज लुटले जाण्यासाठी आपण पैसे भरत नाही. दुसरा म्हणे की रस्त्यावर धोका असतो म्हणूनच सोबतीला किंमत येते, धोका काढला तर ते जग न राहता नुसता देखावा उरेल. शेवटी २००० साली ‘रेनेसान्स’ या विस्तारात कंपनीने जगाच्या दोन प्रती केल्या. फेलुका या भूमीत जुने नियम कायम राहिले आणि ट्रॅमेल या भूमीत संमतीशिवाय कोणी कोणावर हल्ला करू शकेनासे झाले. बहुसंख्य खेळाडूंनी ट्रॅमेलची वाट धरली, आणि फेलुकात लुटारू होते तरी लुटायला फारसे कोणी उरले नाही.

या निर्णयावर आजही जुने खेळाडू भांडतात, आणि त्या भांडणात दोन्ही बाजू खरे बोलत आहेत हे मान्य केल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. लुटल्या गेलेल्यांचा त्रास खरा होता. धोक्यामुळे जुळलेल्या मैत्रीचा आणि स्वतः उभारलेल्या पहारेकरी पथकांचा ऱ्हास झाला ही तक्रारही खरी होती. पण पहिल्या गटाला हवा तो अनुभव दुसऱ्या गटावाचून मिळत होता, तर दुसऱ्या गटाला हवा तो अनुभव पहिल्या गटाला जबरदस्तीने सामील करून घेतल्याशिवाय मिळत नव्हता. ज्या मताची पूर्तता इतरांच्या अनिच्छेवर उभी असते, त्या मताला कमी वजन देणे न्याय्यच म्हटले पाहिजे, मग त्यातून जगाची थोडी झळाळी हरपली तरी.

खेळाडूंचे मत आणि खेळाचे गणित यांचा संबंध किती नाजूक असतो याचे दुसरे उदाहरण ब्लिझर्ड कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या खेळाच्या चाचणीकाळातले आहे. माणसांनी सलग फार वेळ खेळू नये म्हणून रचनाकारांनी अशी योजना केली होती की ठरावीक काळ खेळून झाल्यावर अनुभवगुण, म्हणजे पात्राची पातळी वाढवणारे गुण, निम्म्यावर यावेत. चाचणीतील खेळाडूंना हे मुळीच रुचले नाही; ही तर शिक्षा आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा रॉब पार्डो यांच्या चमूने केवळ मांडणी उलटी केली. पातळी वाढण्यासाठी लागणारे गुण दुप्पट केले, विश्रांती घेऊन आलेल्या पात्राला २०० टक्के गुण मिळतील आणि ते संपल्यावर नेहमीचे १०० टक्के मिळतील असे जाहीर केले. हिशेब तोच राहिला, पण तक्रार थांबली आणि विश्रांतीचा बोनस लोकप्रिय झाला. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेला सिद्धान्त इथे तंतोतंत लागू पडतो: तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते, आणि नुकसान कशाला म्हणायचे हे तुलनेचा बिंदू कुठे धरला यावर ठरते.

या घटनेवरून खेळाडूंना गणित कळत नाही असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. खेळाडूंनी जे सांगितले ते त्यांना जाणवलेल्या गोष्टीविषयी होते आणि ते अचूक होते. खेळ आपल्याला हाकलत आहे असे त्यांना वाटत होते, आणि खेळ खरोखरच त्यांना हाकलत होता. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे प्रमुख रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २०१६ च्या आपल्या व्याख्यानात सांगितलेले सूत्र अशा प्रसंगी उपयोगी पडते: प्रेक्षकवर्ग अडचण ओळखण्यात तरबेज असतो, पण ती सोडवण्यात कच्चा असतो. खेळाडू ‘हे शस्त्र कमजोर करा’ असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘या शस्त्रापुढे मला काही करताच येत नाही’ असा घ्यावा लागतो. उपाय शस्त्र कमजोर करण्यात असेल, त्याचा आवाज दुरून ऐकू येईल असे करण्यात असेल, किंवा नकाशात आडोसा वाढवण्यातही असेल.

आजच्या खेळांत सर्वाधिक कडवटपणा ज्या विषयावर दिसतो तो म्हणजे मॅचमेकिंग, अर्थात कोणाला कोणासमोर उभे करायचे हे ठरवणारी यंत्रणा. तिचे मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाड इलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने बसवलेली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारलेली गुणांकन पद्धत प्रत्येक खेळाडूला एक आकडा देते, आणि दोन आकड्यांतील फरकावरून निकालाचा अंदाज बांधते. फरक २०० गुणांचा असेल तर वरच्या खेळाडूकडून दर डावाला सरासरी ०.७६ गुणाची अपेक्षा धरली जाते, ४०० गुणांचा असेल तर सुमारे ०.९१ ची. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला की आकडे त्या प्रमाणात सरकतात. ही पद्धत दोघांच्या सामन्यासाठी होती. संघांचे आणि अनेकांचे सामने हाताळण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्सवरील खेळांकरिता ‘ट्रूस्किल’ ही पद्धत तयार केली, तिच्यात कौशल्याच्या अंदाजासोबत त्या अंदाजाबद्दलची अनिश्चितताही दुसऱ्या आकड्याने नोंदवली जाते, त्यामुळे नवा खेळाडू लवकर योग्य जागी पोहोचतो.

यंत्रणा जितकी अचूक होते तितके प्रत्येक खेळाडूचे जिंकण्याचे प्रमाण पन्नास टक्क्यांकडे सरकते, आणि इथेच असंतोषाचे बीज आहे. माणूस वर्षभर सराव करून सुधारतो, पण त्याच्यासमोर येणारेही तितकेच तयार असतात, त्यामुळे सुधारणा त्याच्या अनुभवाला येत नाही. ‘लॉबी कडक लागते’, ‘प्रत्येक सामना फायनलसारखा खेळावा लागतो’, असे तो म्हणतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या बंदूकबाजीच्या खेळात ही तक्रार अनेक वर्षे इतकी जोरात होती की कौशल्याचा विचारच सोडून द्यावा अशी मागणी होऊ लागली. २०२४ च्या सुरुवातीस ॲक्टिव्हिजन कंपनीने खेळाडूंना न सांगता काही सामन्यांत कौशल्याचे वजन कमी करून पाहिले आणि त्याच वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध केले: सर्वांत वरचे दहा टक्के सोडले तर उरलेल्या नव्वद टक्क्यांत पुन्हा खेळायला येणाऱ्यांचे प्रमाण घटले. कौशल्य न पाहता होणाऱ्या सामन्यांत निष्णात खेळाडूला मिळणारे सहज विजय कोणीतरी नवशिक्या आपल्या खात्यातून भरत असतो; ज्यांचा आवाज मोठा होता ते बहुधा घेणारे होते, आणि देणारे गुपचूप खेळ सोडून जात होते.

तरीही हा निष्कर्ष शेवटचा शब्द मानण्याचे कारण नाही. तो कंपनीने स्वतःच्या खेळाबद्दल स्वतः केलेल्या मोजणीतून आला आहे, आणि माणूस परत आला एवढ्यावरून तो समाधानी होता असे सिद्ध होत नाही. शिवाय तक्रारीतला एक भाग या मोजणीत येतच नाही: वेगवेगळ्या तयारीचे चार मित्र एकत्र खेळू बसले की यंत्रणा त्यांच्यातल्या सर्वांत कच्च्या मित्राला त्याच्या कुवतीबाहेरच्या सामन्यात ओढते, आणि मग तो हळूहळू खेळायला येईनासा होतो. मैत्रीची ही हानी कोणत्याही तक्त्यात दिसत नसली तरी ती खेळाचीच हानी आहे.

काही बाबतींत मात्र खेळाडूंचे म्हणणे तांत्रिक तपशिलासह बरोबर असते, आणि त्यांतील पहिली बाब म्हणजे उशीर. खेळाडूची आज्ञा सर्व्हरपर्यंत, म्हणजे सर्वांचा खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकापर्यंत, जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेला पिंग म्हणतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर धरले तर जाऊन येण्यास किमान ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ४० सहस्रांश, लागणारच, आणि प्रत्यक्षातल्या वळणावळणाच्या केबलींमुळे त्याहून अधिक. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एवढ्या वेळात दोनतीन चित्रे निघून जातात. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळताना ‘आपण आधी गोळी मारली होती’ असे मुंबईचा किंवा नागपूरचा खेळाडू म्हणे तेव्हा त्याला हरल्याची सबब समजणे अन्यायाचे होते. २०२० साली ‘व्हॅलोरंट’ या खेळाने मुंबईत सर्व्हर सुरू केले, तेव्हा या मागणीचे मोल इथल्या खेळाडूंना हाताच्या बोटांवर जाणवले.

मारामारीच्या खेळांतील संघर्ष याहून बोधक आहे. तिथे दोन खेळाडूंचे संगणक जुळते ठेवण्याच्या दोन रीती आहेत. विलंबाच्या रीतीत समोरच्याची आज्ञा येईपर्यंत दोघांचाही खेळ किंचित थांबवून धरतात, त्यामुळे जाळे मंदावले की हातपाय चिखलात रुतल्यासारखे वाटतात. रोलबॅकच्या रीतीत संगणक समोरच्याच्या आज्ञेचा अंदाज घेऊन खेळ पुढे नेतो आणि अंदाज चुकला तर काही चित्रे मागे जाऊन दुरुस्ती करतो. ‘स्ट्रीट फायटर टू’च्या ऑनलाइन आवृत्तीतील उशिराने वैतागलेल्या टोनी कॅनन या खेळाडूने २००६ साली रोलबॅकची स्वतःची प्रणाली लिहिली, आणि हीच रीत सर्वांनी वापरावी असे खेळाडू पुढची दहाबारा वर्षे सांगत राहिले. अनेक मोठ्या जपानी कंपन्या विलंबाच्या रीतीलाच धरून होत्या. २०२० च्या महासाथीत एकत्र जमून होणाऱ्या स्पर्धा बंद पडल्या तेव्हा त्या मागणीकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाले, आणि जून २०२१ मध्ये आलेल्या ‘गिल्टी गियर स्ट्राइव्ह’पासून पुढे हीच रीत अपेक्षित मानली जाऊ लागली. इथे खेळाडूंनी अडचण ओळखली, तिचा उपाय सांगितला, तो स्वतः करूनही दाखवला. रोझवॉटर यांच्या सूत्राला हा सन्माननीय अपवाद आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या जुन्या आवृत्तीची गोष्टही याच जातीची. विस्तारामागून विस्तार येऊन खेळ सुलभ होत गेला; सोबती शोधण्यासाठी ओळख काढावी लागेनाशी झाली, प्रवास आखूड झाले, आणि कित्येक जुन्या खेळाडूंना मूळ खेळ परत हवासा वाटू लागला. ब्लिझर्डच्या २०१३ च्या संमेलनात त्याविषयी प्रश्न आला तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधीने, तुम्हाला ते हवे आहे असे केवळ वाटते, अशा आशयाचे उत्तर दिले. जुनी आवृत्ती परवानगीशिवाय चालवणारा ‘नोस्टॅलरियस’ नावाचा सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये कायदेशीर इशाऱ्यानंतर बंद झाला, तेव्हा दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज कंपनीकडे गेला. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच ‘क्लासिक’ या नावाने ती आवृत्ती अधिकृतपणे आणली आणि पहिल्या दिवसांत खेळाडूंना आत शिरण्यासाठी लांब रांगेत थांबावे लागले. प्रत्येक सुलभीकरण त्या त्या वेळच्या तक्रारींना दिलेले प्रामाणिक उत्तर होते. गैरसोयीमुळे माणसे एकमेकांशी बोलत होती ही गोष्ट मात्र ती गैरसोय असेपर्यंत तक्रार करणाऱ्यालाही उमगलेली नव्हती.

पैशाच्या बाबतीत मतभेद सहसा एवढे गुंतागुंतीचे नसतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’मध्ये गाजलेली पात्रे मिळवण्यासाठी प्रदीर्घ काळ खेळावे लागेल किंवा लूट-पेट्या, म्हणजे आत काय निघेल हे न कळता विकत घ्यायच्या पेट्या, उघडाव्या लागतील अशी योजना दिसताच सार्वत्रिक संताप झाला, त्या खेळाच्या कंपनीने पात्रांची किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली आणि प्रकाशनाच्या आदल्या दिवशी पैशाने खरेदी करण्याची सोयच थांबवली. बेल्जियमच्या जुगार नियामकाने एप्रिल २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्या जुगारात मोडतात असे ठरवले. पैसे देणाऱ्याला इतरांवर मात करता यावी, ही कल्पना खेळ या शब्दाच्या मुळावरच येते, आणि याबाबत खेळाडूंचा राग नेहमीच ऐकण्याजोगा असतो.

खेळाडूंचे म्हणणे ऐकण्यासाठी कायमची संस्था उभारण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न आइसलँडमध्ये झाला. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा २००३ साली सुरू झालेला अंतराळातील खेळ हजारो खेळाडूंना एकाच जगात ठेवतो; तिथला व्यापार, युद्धे, हेरगिरी, आघाड्या हे सारे खेळाडूंनीच उभे केलेले आहे. २००७ मध्ये कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या खेळातील गटाला दुर्मीळ आराखडे दिल्याचे उघड झाले, आणि त्या विश्वासभंगानंतर २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेले प्रतिनिधिमंडळ अस्तित्वात आले. त्याचे सदस्य कंपनीच्या योजना गोपनीयतेच्या अटीवर आधी पाहतात आणि त्यांवर मत देतात. निर्णयाचा अधिकार मात्र कंपनीकडेच राहतो.

या मंडळाची कसोटी जून २०११ मध्ये लागली. ‘इन्कार्ना’ या विस्तारात कंपनीने पात्रांसाठी शोभेच्या वस्तू विकायला काढल्या, त्यांत एका डोळ्यावर लावायच्या चष्म्याची किंमत साठ डॉलरांच्या वर होती. त्याच सुमारास, खेळात प्रत्यक्ष फायदा देणाऱ्या वस्तूही विकाव्यात काय, याचा ऊहापोह करणारे कंपनीचे अंतर्गत पत्रक फुटले. खेळाडूंनी जिता या सर्वांत गजबजलेल्या व्यापारी केंद्रात जमून तिथल्या स्मारकावर जहाजांतून गोळीबार सुरू केला, आणि अनेकांनी वर्गणी बंद केली. कंपनीने मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले. बैठकीनंतर फायदा देणाऱ्या वस्तू विकण्याचा बेत नाही असे जाहीर करण्यात आले, ऑक्टोबरमध्ये मुख्य अधिकारी हिल्मार व्हेगार पेटुर्सन यांनी खेळाडूंची उघड माफी मागितली, आणि कंपनीला सुमारे २० टक्के कर्मचारी कमी करावे लागले. निर्णयाची किंमत ज्यांनी तो घेतला नव्हता अशा माणसांनीही मोजली, हे या प्रकरणात विसरले जाऊ नये. मंडळावरही आक्षेप आहेत. मोठ्या आघाड्या आपल्या सदस्यांची मते एकगठ्ठा देऊन आपलेच उमेदवार निवडून आणतात, आणि एकटे खेळणारे प्रतिनिधित्वावाचून राहतात. तरी खेळाडूंचे मत म्हणजे सुटीसुटी ओरड न समजता त्याला जबाबदारी आणि माहिती यांची जोड देण्याचा हा प्रयोग इतर कंपन्यांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवा होता.

भारतात या देवघेवीत सरकार हा आणखी एक पक्ष आहे. ‘पबजी मोबाइल’ या फोनवरच्या बंदूकबाजीच्या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा त्यात होती. परदेशी खेळावर विसंबलेल्या खेळाडूंच्या मतापेक्षा दिल्लीतील निर्णयाचे वजन किती जास्त आहे, हे त्या काळात इथल्या खेळाडूंना पुरते कळले. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कल्पनाविश्वावर आधारलेला ‘इंडस’ हा याच जातीचा खेळ आणला. रचनाकार आणि खेळाडू एकाच भाषेत भांडू शकतील, एकाच जाळ्याची आणि त्याच स्वस्त फोनांची मर्यादा दोघांनाही ठाऊक असेल, अशी शक्यता त्यामुळे निर्माण होते, आणि ती लहान गोष्ट नाही.

या साऱ्या प्रकरणांत एक गट जवळजवळ अदृश्य राहतो: ज्यांनी काही न बोलता खेळ सोडला किंवा स्वतःला आक्रसून घेऊन खेळणे पत्करले ते. आवाज ऐकताच होणाऱ्या शेरेबाजीमुळे कित्येक मुली माइक बंद ठेवूनच खेळतात. कर्णबधिर खेळाडूंना तर आवाजी संवादाचा पर्यायच नसतो. अशांचे मत विचारून मिळत नाही, ते रचनेतून अजमावावे लागते. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळात रायट कंपनीने प्रतिस्पर्धी संघांमधील लिखित संवाद मुळातच बंद ठेवून पाहिला. ज्याला हवा असेल त्याने तो एका कळीने सुरू करावा, एवढाच बदल होता. संवादाचे एकूण प्रमाण फारसे बदलले नाही, पण अपमानकारक मजकूर ३० टक्क्यांहून अधिक घटला आणि चांगला मजकूर तितक्याच प्रमाणात वाढला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ‘एपेक्स लेजेंड्स’ने याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. तिथे खेळाडू एक कळ दाबून शत्रू, शस्त्र किंवा जाण्याचे ठिकाण यांच्याकडे बोट दाखवू शकतो, साथीदारांना पडद्यावर खूण दिसते आणि त्याचे पात्र त्याच्या वतीने ते वाक्य उच्चारते. अनोळखी माणसांचा संघ एक शब्द न बोलता समजून-उमजून खेळू शकतो. ‘फोर्टनाइट’ने काही आठवड्यांतच तशी सोय आणली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ‘एपेक्स’ आणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने या पद्धतीचे पेटंट, अपंग खेळाडूंना उपयोगी पडणाऱ्या आपल्या इतर काही पेटंटांसह, कोणत्याही स्पर्धक कंपनीला विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले.